१००९ बुश आणि मंदाताई

मंडळी, आज चाकणच्या आमच्या कंपनीत पॅकिंगच्या मंदाताईंनी माझी चांगलीच शिकवणी घेतली.

पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या छोट्या नळ्या, होते १००९. आमच्याकडे समान ओळी लावून मोजणी तपासतात. आज काही केल्या ओळी जुळेनात. मी सुपरवायझर, लगेच म्हणालो, "ताई, मोजणी चुकलीय."

"नाही सर. दोन-दोनपासून एकतीस-एकतीसपर्यंत लावून पाहिले. दरवेळी उरतातच."

"मग पुढे बघा की!"

"कशाला? बत्तीस-बत्तीस लावले तर ओळी जास्तीत जास्त एकतीस. म्हणजे उलटून पाहिलं तर एकतीस किंवा कमीच्याच ओळी झाल्या, आणि त्या तर आधीच लावून पाहिल्यात."

मी मोबाईलवर पाहिलं, तर १००९ मूळ संख्या! माफी मागितली.

ताई दहावीला गणितातच नापास झालेल्या. निघताना म्हणाल्या, "सर, बाहेरून परीक्षेचा फॉर्म अजून भरता येतो का हो?"

शेवटची तारीख कुणाला माहीत आहे?