पासबुकातलं नाव

देवबागेत आमच्या घरामागे, खाडीच्या अंगाला, नऊ माड होते. त्यातल्या दोन माडांच्या बुंध्यांना आईने चुन्याचे पट्टे ओढून ठेवले होते. त्यांचा नारळ घरात येत नसे, गणपतीलासुद्धा नाही. मी खाली पडलेला एखादा उचलायला गेले की आई म्हणायची, "ह्या माडाक हात लावूचो नाय. तो कॉलेजाचो आसा."

कॉलेज म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हतं. गावाच्या राखणदार देवाला वर्षाचा नारळ द्यावा लागे, तसाच हाही कुणी असावा, फक्त जास्त खाणारा, अशी माझी समजूत होती. त्याचं देऊळ कुठे आहे, हे विचारायची मला भीती वाटे. अखेर माझ्या मोठ्या भावाने सांगितलं की कॉलेज रत्नागिरीला असतं आणि मॅट्रिक झाल्यावर तिथे जायचं असतं. तो जाणार होता. निदान घरात सगळे तसंच बोलत.

वडील मुंबईच्या एका आगबोटीवर स्वयंपाकी होते. वर्षातून महिनाभर घरी येत. मनिऑर्डरीच्या कागदावर दर वेळी एकच ओळ असे, शिक्षणाचे बाजूला ठेवणे. शेजारी ती ओळ आईला वाचून दाखवत. मग नारळाचे आणि मनिऑर्डरीतले थोडे पैसे घेऊन आई मालवणच्या पोस्टात चालत जाई. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पासबुक ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत कुलपात ठेवायची आणि कुणाच्या हातात देत नसे.

भाऊ मॅट्रिक झाला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली असतील. वडील रजेवर आले आणि आम्ही चौघं पोस्टात गेलो. भावाने नवा सदरा घातला होता. पोस्टमास्तरांनी पासबुक उघडलं, मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं की मुलगी हीच का. वडील म्हणाले, पैसे मुलासाठी काढायचे आहेत. मास्तरांनी पासबुक त्यांच्यापुढे फिरवलं. पहिल्या पानावर माझं नाव होतं.

वडिलांनी ते दोनदा वाचलं. मग आईकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "झिलाचे पैसे चेडवाच्या नावार?"

आई म्हणाली, "झिलाक गोवर इल्लो. त्या दिवशी ह्याच माझ्यावांगडा होता."

ह्याच, म्हणजे मी. एवढं झालं होतं म्हणे. खातं उघडायच्या दिवशी भाऊ गोवराने झोपलेला, मी चारेक वर्षांची तिच्या कडेवर. खिडकीतल्या माणसाने शुद्ध मराठीत विचारलं, मुलाचं नाव काय, आणि आईने कडेवरच्या मुलाचं सांगितलं.

मास्तर भला माणूस होता. तो म्हणाला, अडचण नाही, वडील म्हणून तुम्ही सही करा. रक्कम मुलीच्या गरजेसाठी काढतो, एवढं लिहून द्या. त्याने टाक पुढे केला. वडिलांनी तो घेतला आणि कागदावर धरून ठेवला. मागे माणसं खोळंबली होती. मला वाटत होतं की मी काहीतरी चोरलंय आणि आता ते सगळ्यांना दिसतंय. भाऊ भिंतीवरचा टपालाचा तक्ता वाचत उभा होता. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती; तिने लिहा म्हटलं नाही, नको म्हटलं नाही.

वडिलांनी टाक खाली ठेवला. खोटं लिहायला हात वळत नाही, असं ते मास्तरांना म्हणाले, आणि आम्ही घरी आलो. रात्री आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, भावाच्या आवडीचं.

भाऊ रत्नागिरीला गेला, तो वडिलांच्या पगारावर. त्यासाठी वडील पुढची दोन वर्षं रजेवर आलेच नाहीत. इंटर झाल्यावर भावाने कॉलेज सोडलं आणि कणकवलीला एस.टी.त कारकून म्हणून लागला. तो सांगे, पुस्तकांचा कंटाळा आला. मला ते खरंही वाटे आणि खोटंही.

मी मॅट्रिक झाले तेव्हा पासबुक पेटीतून निघालं. आईने ते माझ्या हातात दिलं, जणू हे आधीपासून ठरलेलंच होतं. गावात मुलगी कॉलेजात पाठवायची रीत नव्हती. तेवढ्या पैशांत लग्न झालं असतं, असं चार जणी आईला बोलूनही गेल्या. तिने ऐकून घेतलं. मी तिला विचारलं की माझं नाव तू चुकून सांगितलंस की मुद्दाम. ती तांदूळ पाखडत होती. म्हणाली, "तुझ्या नशिबात होता." आठ दिवसांनी पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "नाव घातलंय ता ईचार करूनच घातलंय." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडली, आणि त्या दिवशी कुणाला गोवर होता ते आता आपल्याला आठवतही नाही, असं म्हणाली. कुठलं उत्तर धरायचं ते मला कळेना, आणि आनंद करायचा की लाजायचं, तेही.

रत्नागिरीला पोचवायला भाऊच आला. माझी ट्रंक त्याने बसस्टँडपासून वसतिगृहापर्यंत खांद्यावरून नेली. फी भरायची खिडकी कुठली, ग्रंथालयात वारा कुठल्या बाजूला लागतो, खानावळीतलं कुठलं कालवण खाऊ नये, हे सगळं त्याला पाठ होतं. सांगताना तो हसत होता. मी ऐकत होते, पण मान वर करून त्याच्याकडे बघवत नव्हतं.

निघताना तो फाटकाशी थांबला.

"आवशीन तुका कधी काय सांगल्यान?" त्याने विचारलं.

आईने कशाबद्दल, ते त्याने सांगितलं नाही. पासबुकातल्या नावाबद्दल, हे मलाही विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "नाय."

"माका पण नाय," तो म्हणाला. मग खिशातून एक फाउंटन पेन काढून त्याने माझ्या हातात दिलं, शाई गळते, उभं ठेव, असं बजावलं आणि बस चुकेल म्हणून भरभर उतारावरून निघून गेला.