केळीची बाग, प्रवेश मोफत

अठरा माणसं केळीच्या बागेत शिरली होती आणि बागेची मालकीण बांधावर उभी राहून ओरडत होती, “यायचा म्होरक्या कोन हाये?”

म्होरकी मी होते.

मी जळगावच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर आहे. गाईड माहिती सांगतो. टूर मॅनेजर माणसं मोजतो, जेवण बघतो आणि शिव्या खातो. आमची तीन दिवसांची खान्देश टूर असते. पालचं जंगल, मेहरूण तलाव, पद्मालयाचा गणपती, धुळ्याजवळचा लळिंग किल्ला. अशा प्रत्येक ठिकाणाला आमच्या भाषेत पॉइंट म्हणतात. पॉइंट पाहून झाला की तो ‘कव्हर’ झाला. टूर संपली की मी एक शीट भरते, त्यात प्रत्येक पॉइंटपुढे कव्हर झाला की नाही ते लिहायचं आणि सही करायची.

आमच्या ब्रोशरमध्ये एक ओळ होती: ‘केळीची बाग, १५ मिनिटं, प्रवेश मोफत.’

कोणाची बाग? ते कुठेच नव्हतं. ड्रायव्हर बस चालवता चालवता बघायचा. बाग हिरवीगार आहे, घड लटकलेत, बस उभी करायला सावली आहे, की ब्रेक. गेस्ट उतरायचे, घडाला मिठी मारून फोटो काढायचे. कोणी पान तोडायचं, रात्री त्यावर जेवू म्हणून. पंधरा मिनिटांनी आम्ही निघून जायचो. त्या दिवशी ब्रेक असोद्याच्या रस्त्यावर लागला.

मी धरणगावची. आमच्याकडे कापूस. कापसात कोणी परका न विचारता शिरला असता तर माझ्या आईने त्याला हातातल्या विळ्यासकट नमस्कार केला असता. तरीही याआधीच्या चार टूरमध्ये मी स्वतः अशाच बागांमध्ये लोक उतरवले होते. ब्रोशरवर छापलेलं होतं ना. छापलेल्या ओळीवर माझा इतका विश्वास.

“मी आहे, अक्का,” मी म्हटलं.

साठीची बाई. डोक्याला रुमाल, पायात काही नाही. “कोन्हाले इचारून शिरले मंधी?”

“कोणालाच नाही.”

खरं उत्तर ऐकून त्यांचा आवाज जरा उतरला. मग त्यांनी गेस्टच्या पायांकडे बोट दाखवलं. “हे बूट काल कुठी होते?”

काल पालहून येताना रावेरजवळ आम्ही अशीच एक बाग कव्हर केली होती. याच बुटांनी. मी सांगितलं. अक्कांनी कपाळावर हात मारला.

केळीला मर रोग होतो. पानं पिवळी पडतात, झाड उभ्याउभ्या मरतं. रोग मातीत राहतो आणि मातीबरोबर फिरतो. फावड्याला लागून, ट्रॅक्टरच्या चाकाला लागून, बुटाच्या तळाला लागून. एकदा एखाद्या शेतात शिरला की वर्षानुवर्षं तिथून निघत नाही. रावेरची ती बाग आजारी होती असं मी म्हणत नाही. पण ती निरोगी होती, हेही मला माहीत नव्हतं.

अक्का रागावल्या होत्या, पण माणूसघाण्या नव्हत्या. “बाहेर या. बूट बांधावर काढा. त्या टाकीवर पाय धुवा. मंग मीच दाखवते बाग, घड कसा मोजता ते बी सांगते.”

गेस्टमध्ये दातार नावाचे एक काका होते. त्यांना टूरवरची प्रत्येक गोष्ट ब्रोशरशी ताडून बघायची सवय होती. ते म्हणाले, “या चिखलात अनवाणी? आम्ही काय केळी चोरायला आलोय?”

“चोरून नेली असती तं एक घड गेला असता, भाऊ,” अक्का म्हणाल्या. “तुम्ही रोग ठेवून जासान तं बाग जाईन.”

“आम्ही टूरचे पैसे भरलेत.”

“मले तं कोन्ही इचारलंबी नाही.”

चारपाच जण हसले. दातार बूट काढेनात. त्यांचं बघून बाकीचेही काढेनात. अक्कांनी हात पसरून रस्ता दाखवला. “मंग निघा.”

आमचा ड्रायव्हर युनूसभाई धुळ्याकडचा. तो खिडकीतून म्हणाला, “ताई, बाई खरं बोली राहिनी. बठ्ठासले बसाड.”

मी सगळ्यांना बसमध्ये बसवलं आणि ऑफिसला फोन लावला. आमचे बॉस महाजन सर.

“सर, केळीची बाग रद्द. मालकीण नको म्हणतात.”

“मग पुढच्या बागेत ने. असोद्यात बागा कमी आहेत का?”

“पुढच्या बागेलाही मालक असेल.”

“असेल ना. पण तो समोर उभा असेल का?”

मी म्हटलं, “मी नेणार नाही, सर.”

“शीटवर काय लिहिशील?”

“कव्हर झाला नाही.”

“पाच मिनिटं आत होते ना? झाला म्हणून लिही.”

“घुसले होते. घुसण्याचा रकाना शीटवर नाही.”

“तू परत आल्यावर बोलू,” सर म्हणाले. या वाक्याचा अर्थ नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला कळतो.

दुपारी आम्ही पद्मालयाला पोचलो. मी तोंडातून शब्द काढला नाही. अठराच्या अठरा जणांनी पायरीपाशी पादत्राणं काढली. दातार काकांनी आपले बूट जोडीने, टाचा भिंतीला लावून ठेवले, मोजे घडी करून आत सारले. फरशी तापली होती. ते टाचांवर उड्या मारत गेले, पण गेले.

बसमध्ये मी वहीचं पान फाडून लिहायला बसले. आमच्या घरात वडील पत्रकं लिहायचे आणि आम्ही भावंडं ती घड्या घालून गावभर वाटायचो. राग आला की आमच्याकडे भांडी आपटत नाहीत, पत्रक काढतात. पारोळ्यात बस चहाला थांबली तेव्हा मी अठरा झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येक सीटवर एक ठेवली.

‘आज सकाळी आपण एका बाईच्या शेतात न विचारता शिरलो. त्यांनी बूट काढायला सांगितले, आपण काढले नाहीत. दुपारी देवळात कोणी सांगितलं नाही, तरी काढले. देवाची फरशी आपल्या बुटांनी मरणार नव्हती. बाग मरू शकते. चूक आधी माझी, कारण तुम्हाला मी उतरवलं. केळीची बाग हा पॉइंट झालेला नाही. तक्रार करायची असेल तर माझ्या नावाने करा.’

खाली सही.

धुळ्यापर्यंत बसमध्ये अंताक्षरी झाली नाही. दातार काकांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून ब्रोशरमध्ये ठेवला आणि मला म्हणाले, “‘फरशी’च्या आधी ‘देवाची’ नको होतं. तिखट होतं.”

“तिखटच लिहायचं होतं, काका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लळिंगला निघायच्या आधी हॉटेलच्या मागच्या नळावर ते बुटांचे तळ ब्रशने घासत होते. मला बघून म्हणाले, “किल्ल्यावर घसरू नये म्हणून.” मी हो म्हटलं. किल्ला मात्र छान झाला. वरून धुळ्याकडे जाणारा हायवे दिसतो, तिथे सगळे बराच वेळ बसून राहिले.

तक्रार आलीच. दातारांची नव्हे, दुसऱ्या कोणाची तरी. महाजन सरांनी मला टूरवरून काढून पिकअपवर टाकलं. पिकअप म्हणजे जळगाव स्टेशनच्या बाहेर गेस्टच्या नावाची पाटी धरून उभं राहायचं. महिनाभर मी पाटी धरली. माझ्या जागी जो मॅनेजर गेला त्याने दोन टूर केल्या आणि दुसरीत केळीच्या बागेपाशी एका शेतकऱ्याने बसच्या चाकांची हवा सोडली.

मग सरांनी मला बोलावलं. “ती असोद्याची बाई. तिला विचार. तिचं नाव ब्रोशरमध्ये छापू. माणशी काही देऊ. बूट काढायचे, पाय धुवायचे, सगळं तिच्या म्हणण्याप्रमाणे. मग तर झालं?”

मला वाटलं, जिंकले.

रविवारी मी असोद्याची बस धरली. बांधावर चप्पल काढली, टाकीवर पाय धुतले आणि हाक मारली. अक्कांनी ऐकून घेतलं. गुळाचा चहा दिला. बाग फिरवली, घड मोजायला शिकवला. वरून खाली एकेक फणी. मग म्हणाल्या, “नाही.”

“काबरं, अक्का? सगळं तुमच्या अटीवर आहे.”

“तू आली, इचारलं, तुले दाखवली. तू कव्हाबी ये. पन रोज बस नको. मी शेती करते. मी पाहाची वस्तू नव्हे.”

बसस्टॉपपर्यंत मी त्यांच्यावर थोडी चिडलेलीच होते. माझी जिंकलेली लढाई या बाईने एका शब्दात नाकारली. जळगाव येईपर्यंत कळलं की ती लढाई माझी नव्हतीच.

सोमवारी मी सरांच्या टेबलावर कागद ठेवला. केळीच्या बागेपुढे लिहिलं होतं: ‘विचारलं. नाही म्हणाल्या.’

“मग दुसऱ्या कोणाला विचार.”

“विचारते. तोवर ती ओळ काढा.”

नवीन ब्रोशरमध्ये ती ओळ नाही. मी पुन्हा टूरवर आहे. आतापर्यंत तीन बागांत विचारलंय, तिन्ही ठिकाणी नकार आलाय. एका भाऊंनी तर पाणीही विचारलं नाही. या धंद्यात मी एवढंच शिकले: ज्या पॉइंटपुढे ‘प्रवेश मोफत’ लिहिलंय, तिथे आधी बघायचं की विचारलं कोणाला होतं. आणि विचारायला जायचं तर परतीची पहिली बस बघूनच जायचं, कारण नकार मिळायला फार वेळ लागत नाही.