काळ्या फिल्मवरची ताई

इथले अनुभव मी नेहमी वाचतो, आणि खरं सांगू? बहुतेकांवर मनातल्या मनात हसतो. भूत, आत्मा वगैरे मी कधीच मानलं नाही... अजूनही मानत नाही. त्यामुळे मी जे लिहितोय त्याला काय म्हणायचं, ते तुम्हीच ठरवा.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी मूळचा कराडचा, पण तेव्हा चंदीगडला इंडस्ट्रियल एरियातल्या एका प्रीप्रेस युनिटमध्ये ऑपरेटर होतो. प्रीप्रेस म्हणजे छपाईच्या आधीचं काम — फोटो स्कॅन करायचा, कॉम्प्युटरवर रंग सुधारायचे, मग त्याचे चार भाग पाडायचे: सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. प्रत्येकाची वेगळी फिल्म निघते. चारही रंग एकावर एक नीट बसले की कागदावर फोटो उमटतो.

चंदीगडला मी आलो तो ताईमुळे. नंदाताई तिथे एका संशोधन संस्थेत औषधांवर पीएचडी करत होती. सेक्टर बावीसमधल्या एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, आम्ही दोघं राहायचो. तिने जिवाचं रान करून काम उभं केलं, आणि पेपर छापून आला तेव्हा त्यावर नावं कुणाची? तिच्या गाइडचं आणि त्यांच्या मर्जीतल्या एका विद्यार्थ्याचं. ताईने जाब विचारला तर सर म्हणाले, "बेटा, ये तो टीमवर्क है." ती भांडली, वर तक्रार केली. त्याचं काही व्हायच्या आतच मध्य मार्ग नावाच्या तिथल्या हमरस्त्यावर एका ट्रकने तिच्या स्कूटरला उडवलं.

शोकसभेत सर रुमालाने डोळे पुसत होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच संस्थेचं माहितीपत्रक आमच्याकडे आलं. मधल्या पानावर नव्या लॅबच्या दारात काढलेला ग्रुप फोटो — सर आणि त्यांचे विद्यार्थी. लक्षात घ्या, ती लॅब बांधून झाली तीच ताई गेल्यानंतर.

दातओठ खात मी फोटो स्कॅन केला, रंग सुधारले आणि फाइल फिल्मसाठी पाठवली. भर दुपार होती. फिल्मचं मशीन बघणारा कुलदीप खालून उजेड येणाऱ्या लाइट टेबलपाशी उभा होता, तिथूनच ओरडला, "ओये, इधर आ! काली वाली में ये लड़की कौन है?"

गेलो. सायन, मॅजेंटा, पिवळी — तिन्ही फिल्म स्वच्छ. काळ्या फिल्मवर मात्र सरांच्या शेजारी, जिथे फोटोत नुसती भिंत होती, तिथे कुणीतरी उभं होतं. काळ्यात माणसाचा चेहरा पूर्ण येत नाही. केस, डोळे, हनुवटीखालची सावली, एवढंच येतं. मला तेवढं पुरे होतं. चष्मा नाकावर जरा घसरलेला... ताईच होती.

भीती नाही वाटली मला. खोटं कशाला बोलू — आनंद झाला.

कॉम्प्युटरवर फक्त काळ्या रंगाचा भाग उघडून पाहिला. भिंत. मूळ फोटो भिंगाखाली धरला. भिंत. कुलदीपने फिल्म पुन्हा काढली. पुन्हा ताई.

नेमके तेव्हाच आमचे मालक भल्लाजी सरांना घेऊन आत आले. सरांना काम कुठवर आलंय ते बघायचं होतं. सर टेबलवर वाकले आणि पांढरेफटक पडले. "नंदा..." त्यांच्या तोंडून निघालंसुद्धा. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. शोकसभेत भेटलो होतो आम्ही. मला ओळखताच त्यांनी चेहरा सावरला.

"भल्लाजी, ये उसका भाई है. इसी ने कंप्यूटर से फोटो में डाल दिया."

"सर, कंप्यूटर में कुछ नहीं है. आप खुद देखिए ना!"

"तो मिटा दिया होगा. आजकल क्या नहीं हो सकता?"

मी कुलदीपकडे वळलो. "बोल ना यार, तूने दो बार निकाली!"

तो खाली मान घालून म्हणाला, "मुझे क्या पता जी. जो फाइल आती है, निकाल देता हूँ."

जिवंत होती तेव्हा तिचं काम दुसऱ्याचं ठरलं. मेल्यावर ती स्वतः येऊन उभी राहिली, तर तीसुद्धा माझी बनवाबनवी ठरली! भल्लाजींनी माझ्यासमोर दोन्ही काळ्या फिल्म कात्रीने कापल्या आणि मला कायमचं घरी पाठवलं. माहितीपत्रक दुसरीकडे छापलं गेलं. त्यात सरांच्या शेजारी भिंत आहे. सर पुढे संचालक झाले.

धंद्यातले लोक सांगतात, मशीनच्या मेमरीत जुनं चित्र अडकलं असेल, फिल्म आधी वापरलेली असेल. पण ताईचा फोटो त्या मशीनवर कधी गेलाच नव्हता. आता फिल्म इतिहासजमा झाल्या, मीही म्हातारा होत चाललो, आणि मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

आईला मात्र उत्तराची गरजच पडली नाही. त्या संध्याकाळी एसटीडी बूथवरून कराडला फोन करून मी तिला सगळं सांगितलं. वाटलं, तीही म्हणेल, तुला भास झाला.  पण तिने एवढंच विचारलं, "मागं उभी होती का रे, का पुढं?"

"पुढे, आई. अगदी सरांच्या बरोबरीने."

"मग बरोबर आहे," आई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.