अष्टमीचा अहवाल

गुणाजी आमच्या वाडीचा. खाडीच्या चिखलात आईबरोबर तिसऱ्या वेचत वाढलेला, त्यामुळे तिथी ऐकली की पाणी सांगायचा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, भरदुपारी काठोकाठ पाणी. अष्टमीला भांग, पाणी मरतुकडं, आणि भरदुपारी चिखल उघडा. हे त्याला पाढ्यांच्या आधी येत होतं. पुढे शिकला, सरकारी शास्त्रज्ञ झाला, घाटकोपरला राहिला आणि तीस वर्षं मुंबईच्या पूर्वेकडच्या खाडीत परदेशातून येणारे पक्षी मोजत फिरला.

गावाला आला की शेजारची मालनकाकी पडवीतून हाक मारी. "काय रे, पाखरां मोजूची नोकरी तुझी? आणि मोजताना चुकलस तर कोणाक कळतला?"

तो हसे. पण चुकला होता, आणि वीस वर्षं कोणाला कळलं नव्हतं. त्यालाही.

झालं असं होतं. मुलुंडच्या पूर्वेला एक मिठागर आहे. तिथे पक्षी किती उतरतात ते बघायचं काम गुणाजीकडे आलं. कचेरीची जीप, चालक धोंडिराम. मिठागराचा बांध मातीचा, उधाणाला त्यावर पाणी चढे. धोंडिराम पहिल्याच दिवशी म्हणाला, "साहेब, गाडी रुतली तर मेमो मला येईल, पाखरांना नाय." बरोबरच होतं त्याचं. मग पाहणी ठरली दर अष्टमीला, बांध कोरडा असताना, कचेरीच्या वेळात. दोन हिवाळे गुणाजी तिथे गेला आणि दर वेळी चार शेकाटे सोडले तर मिठागर मोकळं. पाखरं असणार कुठून? भांगाच्या दुपारी सगळी खाडीच्या उघड्या चिखलात किडे वेचत असणार. वाडीतल्या पोराला जे कळलं असतं ते साहेबाला कळलं नाही. त्याने लिहिलं: 'सदर मिठागर पक्ष्यांच्या विशेष उपयोगाचे नाही.' खाली सही, शिक्का.

गेल्या डिसेंबरात त्याच्या हाताखालची गंधाली एक फाईल घेऊन आली. मिठागर बुजवून तिथे गाड्यांचं आगार करायचा प्रस्ताव होता आणि आधाराला एकच वाक्य, अधोरेखित.

"सर, हे तुमचंच ना?"

"माझंच."

दुसऱ्या दिवशी एक बैठक रद्द झाली म्हणून तो एकटाच चालत मिठागरावर गेला. तिथी बघितली नव्हती. मार्गशीर्ष पौर्णिमा होती. बांधावर भांडुप गावठाणातली बर्था चिंबोऱ्यांची टोपली घेऊन बसलेली. बारा वाजले, खाडी भरली, चिखल बुडाला, आणि तिकडून थवेच्या थवे उठून मिठागरात उतरले. पाणटिवळे, तुतवार, चिखले. बसायला जागा पुरेना.

"ही कधीपासून येतात इथे?" गुणाजीने विचारलं.

बर्था म्हणाली, "कदीपासून म्हंजे? तिकडं पानी आयलं का जातान कुठं? उडत तरी किती येल र्‍हातीन? माझी आयपन बघायची. तू त्योच ना रं, जीपवाला? रिकामं मिठागर बघून जायाचास. आमी हसायचो."

"मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कदी?"

तो घरी आला आणि दोन दिवस नीट जेवला नाही. एप्रिलअखेर निवृत्ती. वरचे साहेब समजावून म्हणाले, "गुणाजीराव, चार महिने गप काढा. जाता जाता स्वतःच्याच तोंडाला काळं कशाला फासता?" सोपं होतं ते. पण आगार झालं असतं तर ते त्याच्या सहीवर झालं असतं.

गंधालीला घेऊन त्याने आणखी तीन उधाणं मोजली आणि चार ओळींचं पत्र दिलं: 'माझा अहवाल चुकीचा आहे. मी फक्त अष्टमीला गेलो होतो.'

प्रस्ताव तपासणाऱ्या समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी चष्मा काढला. "तेव्हाचा गुणाजी खरा मानायचा की आताचा?"

"एकही मानू नका. माघी पौर्णिमेला बारा वाजता बांधावर या."

समितीतले तिघे आले, गाडी थेट बांधावर घातली. गुणाजी म्हणाला, "गाडी मागेच ठेवा." कोण ऐकतंय! साडेबाराला पाणी चढलं आणि चाकं रुतली. पुढे चिखल, मागे चिखल, आणि दोन्ही अंगाला हजारो पाखरं एका पायावर डुलक्या काढतायत.

बर्था टोपलीमागून म्हणाली, "बसा आता. पानी उतारलं का ती जातीन, मग तुमीपन जा."

अडीच तास बसले. दुसरं बघायला काही नव्हतं.

मिठागराचं काय होणार ते अजून ठरलेलं नाही. फाईल परत फिरली एवढंच, आणि गुणाजीच्या त्या वाक्यावर शेरा पडला: 'शास्त्रज्ञांनी स्वतः मागे घेतले.' निरोपाच्या भाषणात त्या अहवालाचा कोणी उल्लेख केला नाही.

मे महिन्यात तो गावाला आला. मालनकाकी आता ऐंशीची, पण प्रश्न तोच.

"चुकलंय गे काकी," गुणाजी म्हणाला. "कोणाक कळूक नाय, म्हणान मीच सांगलंय."

"मगे?"

"मगे सायबांची गाडी रुतली."