रूट करून मिळेल, आपल्या जबाबदारीवर

मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठत जातात, जुनी बॅक कव्हरं आणि किस्से. कव्हरं मी दिवाळीच्या साफसफाईत टाकून देतो. किस्से टाकवत नाहीत, कारण ते ज्यांचे आहेत ती माणसं अजून चहाला येतात.

शहापूरला एसटी स्टँडजवळ आमचं दुकान. आमचं म्हणजे माझं आणि किरणचं. किरण मुरबाडचा, माझा आतेभाऊ. मधे काही वर्षं आम्ही फोन ‘रूट’ करून द्यायचो. त्यासाठीचं सॉफ्टवेअर कंपनीचं नव्हे, नेटवरून उतरवलेलं. कंपनीला कळलं तर वॉरंटी गेली.

*

रूट म्हणजे काय, हे कसाऱ्याच्या एका रेल्वेवाल्याला मी मोठ्या हौसेने समजावलं. “कंपनी घर तुमाला विकते, पण एका खोलीला स्वतःचं कुलूप ठेवते. रूट केलं की ती खोली उघडते. मग तुमाला नको ती ॲप्स काढून टाका.”

“चावी कंपनी देते काय?”

“नाय, ती नेटवर मिळते.”

“बनवली कोणी?”

“ते माहीत नाय.”

त्याने फोन शांतपणे खिशात ठेवला. “मग खोली बंदच बरी,” म्हणाला, आणि नुसता इअरफोन घेऊन गेला.

*

किरणचा मात्र त्या सॉफ्टवेअरवर फार जीव. का, तर रिव्ह्यू! रोज सकाळी अगरबत्ती लावून झाली की तो नेटवर त्याच्याखालच्या कमेंट वाचायचा. “एवढी माणसं खोटं कशाला बोलतील रे?” मी म्हणायचो, एवढी माणसं अगदी त्याच शब्दांत खरं तरी कशी बोलतात? पण भरवसा एकदा बसला की बसला.

त्यात एकाने लिहिलं होतं, एकदाच वापरलं, पुन्हा फोनचा काही त्रास झाला नाही. किरणने स्वतःच्या नव्याकोऱ्या फोनवर करून पाहिलं. फोन सुरू होताना कंपनीच्या लोगोवर थांबला तो थांबलाच.

संध्याकाळी मी विचारलं, “काय, फोनचा काही त्रास?”

“नाय,” किरण म्हणाला. “दिवसभरात एक कॉल आला नाय.”

तेव्हापासून दुकानात नियम झाला. धोका आधी सांगायचा, आणि काम होईपर्यंत गिऱ्हाइकाला समोरच्या स्टुलावर बसवून ठेवायचं.

*

भातसानगरचे एक रिटायर्ड साहेब. रूट केल्यावर फोन चांगलाच पळायला लागला, साहेब खूश. दुसऱ्या दिवशी लाल चेहऱ्याने हजर. बँकेचं ॲप उघडेना. म्हणत होतं, हा फोन सुरक्षित नाही.

साहेबांनी ते मनाला लावून घेतलं. “धरणावर आख्खी नोकरी केली मी. कोणी बोट दाखवलं नाय. आणि हे काल आलेलं ॲप मला बोलतंय.”

आम्ही निमूटपणे फोन होता तसा करून दिला. साहेबांनी कॉलनीभर आमचं कौतुक केलं. “पोरं चांगली हायत. केलेलं काम भांडण न करता उलटं करून देतात.”

*

मग किरणने दुकानाला रिव्ह्यू मिळावेत म्हणून काउंटरवर स्कॅन करायचा क्यूआर कोड चिकटवला. उंबरमाळीच्या एका दादाने लगेच फोन काढून एक तारा दिला. किरणचा चेहरा उतरला. “दादा, काम पसंत नाय पडलं?”

“पडलं की. पण पयल्याच वेळेला पाच दिले तर तुमी बिघडाल.”

आमच्याकडे काम खरंच आवडलं की माणूस काही लिहीत नाही. पुढच्या आठवड्यात मेव्हण्याला घेऊन येतो. हाही घेऊन आला.

*

शेवटचा फोन आम्ही रूट केला तो मुरबाडच्या पुढच्या एका काकांचा. काका जयंतीला गाणी म्हणायचे, स्वतःच रचलेली. कागदावर एकही नाही. सुचलं की फोनात म्हणून ठेवायचं. फोन भरला म्हणून त्यांनी साफसफाईचं ॲप चालवलं, आणि त्याने गाणीच साफ केली. जयंती तोंडावर आलेली.

मी नियमाप्रमाणे सांगितलं. “पुसलेलं परत मिळू शकतं, पण आधी रूट करावं लागेल. त्यात फोन अडकला तर गाणी कायमची गेली.”

“तुझ्या फोनात टाकलंस काय हे?”

“नाय.”

“का रे?”

“भरवसा नाय, काका.”

किरणने माझ्याकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. काका हसले. “मग काढ तुझा फोन. रेकॉर्डिंग लाव.”

आणि काउंटरवर ठेका धरून काकांनी आठवतील तेवढी सगळी गाणी म्हटली. जिथे अडायचे तिथे डोळे मिटायचे, आणि नवीच ओळ जोडून पुढे जायचे. शेजारचा टेलर मशीन थांबवून दारात येऊन उभा राहिला. आठवण संपली तेव्हा त्यांनी स्वतःचा फोन किरणपुढे सरकवला. “आता कर काय ते.”

फोन लोगोवर थांबला. मी खरंच घाबरलो. किरण तर स्क्रीनकडे बघेचना. बऱ्याच वेळाने लोगो हलला, फोन सुरू झाला, आणि मागाहून गाणी एकेक करून परत आली.

काकांनी पहिलं ऐकलं. दुसरं अर्ध्यावर बंद केलं. मग माझ्या फोनातलं लावायला सांगितलं, आणि ते शेवटपर्यंत ऐकलं.

“ही मगाशी म्हटलेली माझ्या फोनात टाक,” ते म्हणाले. “आणि ती जुनी पूस.”