माशीचा तीळ

आमच्या गल्लीतल्या पेंटरएवढा हट्टी माणूस हिंगोलीजवळच्या आमच्या अख्ख्या गोरेगावात नव्हता, आणि सापडला असता तरी मला नको होता. त्याचं एकच म्हणणं: लहानाचं मोठं करायचं तर सगळीकडून सारख्या पटीनं. मी भाकरी जरा रुंद थापली की म्हणायचा, "मावशी, घेर वाढवला अन् जाडी काहून न्हाई वाढवली? हा पापड झाला." एकदा हिंगोलीहून पुढाऱ्याचं बॅनर छापून आलं. जागेत बसावं म्हणून फोटो नुसता आडवा ताणलेला. हा खाली उभा राहून ओरडला, "अरे, माणसाची म्हैस केली!" पुढाऱ्याची माणसं मारायला धावली, तेव्हा मीच त्याला घरात ओढून कडी लावली. आतूनही ओरडतच होता, "उंची वाढवा, उंची!"

माझी धाकटी बहीण तिची लेक तान्ही असतानाच गेली. मागे राहिला अंगठ्याएवढा एक फोटो. लेकीनं तेवढ्यावरच आई ओळखली. पुढं तिनं घर बांधलं, तेव्हा म्हणाली, "मोठी माय, मला माय भिंतीवर पाहिजे. चांगली मोठी." मी पेंटरला बोलावलं. त्यानं फोटोवर तांदळाच्या दाण्याएवढे चौकोन आखले, भिंतीवर चार-चार बोटांचे, आणि ज्या चौकोनात जे होतं ते तिथंच उतरवत गेला. बसकं नाक बसकंच आलं. "जरा उजळ कर," म्हटलं तर ऐकेना.

झाल्यावर बघते, तर गालावर हरभऱ्याएवढा तीळ.

"हिला तीळ नव्हता रे!"

"फोटोत हाय."

मी फोटो उजेडात धरून नखानं खरवडला. ठिपका निघून आला.

"मुडद्या, माशीची घाण मोठी करून ठेवलीस!"

"बराबर पटीत हाय ना पण?" म्हणाला खरा, पण तोंड उतरलं. ब्रश घेऊन मुकाट्यानं शिडी चढू लागला. पोरगी आडवी आली.

"राहू द्या, काका. लहानपणापासून तिळासकटच बघून राहिले मायला. पुसला तर ही कोण बाई?"

तीळ राहिला. बहीण आठवली की आता मलाही तो दिसतो.

गेल्या साली पेंटर गेला. त्याच्या पोरांनी दुकानातून फोटो मोठा करून आणला. फ्रेमीत बसावा म्हणून आडवा ताणलेला, गाल फुगलेले. हार घालायला वाकले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "उंची वाढवा रे, उंची."

कुणाला काही कळलं नाही. म्हातारी रडून राहिली, असं समजून पाणी आणून दिलं.