रोहिणी मॅडमचा ‘स’

नेकनूरात वावडी उठली होती की बुधवारी दाताच्या दवाखान्यात येणारी बाई मेलेल्या माणसांचे दात जित्या माणसांना बसवते. तिच्या काळ्या पिशवीत एक डबी आहे म्हणे. एसटी खड्ड्यातून गेली की डबीतले दात आपसात बोलतात. हे ऐकणारा माणूस कुणी पाहिलेला नव्हता, पण तो पुढच्याच सीटवर बसलेला होता, एवढं सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं.

खरं निराळं होतं. डबीतले दात प्लास्टिकचे, कंपनीतून मेणाच्या पट्टीवर चिकटून आलेले. ते खडखडायचे, बोलायचे नाहीत. मेलेल्या माणसाचे दात जित्याच्या तोंडात एकदा गेले, हे मात्र खोटं नाही. पण ते मॅडमनी आणले नव्हते. ते आमच्या गल्लीतल्या धोंडीरामतात्यांनी आणले, तेही धोतराच्या सोग्यात बांधून.

रोहिणी मॅडम म्हणजे दाताच्या डॉक्टरांतल्या कवळीवाल्या. साधं डॉक्टर झाल्यावर आणखी तीन वर्षं त्या नुसत्या खोट्या दातांचंच शिकल्या. त्यांच्या बरोबरचं कुणी पुण्यात पोरापोरींच्या दातांना तारा लावतं, कुणी कॅन्सरच्या दवाखान्यात जबडे जोडतं, एक मैत्रीण कॉलेजात शिकवते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत डोंगरांचे फोटो पाठवते. मॅडमचं काम फिरतीचं. दुसऱ्याच्या दवाखान्यात ठरल्या वारी जायचं. खुर्ची त्याची, पेशंट त्याचे, हात आपले. बीड झालं, घाटनांदूर झालं, बुधवारी नेकनूर. नेकनूरचा दवाखाना परमेश्वर सरांचा. त्याला लागूनचा गाळा रिकामा होता. तो घ्यायचा, पिशवी खाली ठेवायची आणि कायमचं इथंच बसायचं, असं मॅडमनी मनाशी धरलं होतं. पुण्याची एक कंपनी मागं लागली होती ती वेगळीच. तिथं थंडगार खोलीत बसून कॉम्प्युटरवर दात मांडायचे, तोंडं दुसऱ्यांनी बघायची.

मॅडमना तोंडं बघायची होती. त्याहून जास्त, ऐकायची होती.

कवळी बसवली की त्या म्हणायच्या, “मामा, साठपासून सत्तरपर्यंत म्हणा.”

“माजं वय कावून इचारता? बासष्ट.”

“वय नाही हो, आकडे म्हणा.”

“पेन्शनचं हाय का कायतरी?”

त्यात ‘स’ भरपूर येतो, म्हणून साठ ते सत्तर. सहासष्टाला तर जीभ दोनदा दाताच्या मागं जाते. दात केसभर पुढं-मागं झाले की ‘स’ बोबडा होतो, नाहीतर शीळ मारतो. मॅडम डोळे मिटून ऐकायच्या, आणि बाहेर बाकावरची मंडळी म्हणायची, बाई मंत्र घालतीया.

धोंडीरामतात्या आले तेव्हा त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता. सोगा सोडून त्यांनी कवळी टेबलावर ठेवली. “ढिली झालीया. घट करून द्या.”

हिरड्या आटल्या की कवळ्या ढिल्या होतातच. मॅडमनी तरी विचारलं, “तुमचीच ना, मामा?”

“घरचीच हाय,” तात्या म्हणाले.

या एका शब्दानं घोळ केला. मॅडमना वाटलं, घरची म्हणजे यांची. तात्यांच्या मनात घरची म्हणजे घरातली, कुण्या परक्याची न्हाई. मॅडमनी आतून अस्तर लावलं, घासलं, चेपून बसवलं. कवळी अशी बसली की तात्यांनी तिथंच शेंगदाणे मागितले.

मग साठ ते सत्तर. ‘साठ’ म्हणताच बारीक शीळ वाजली, चहाच्या किटलीच्या तोंडातून निघावी तशी. एकसष्ट, बासष्ट, सगळीकडं शीळ. मॅडम म्हणाल्या, “मामा, एवढी शीळ आधीपासून होती?”

तात्या आपलाच आवाज ऐकून थबकले होते. मग खुशीत हसले. “व्हती व्हती. लई जुनी हाय.”

ती शीळ सुंदररावांची होती. सुंदरराव म्हणजे तात्यांचे थोरले भाऊ. मागच्या साली गेले. त्यांना न्यायच्या वेळी कवळी काढून देवळीत वाटीत ठेवली ती तशीच राहिली होती. गावात सुंदररावांचा ‘स’ दोन शेतांपलीकडून ओळखू यायचा. कवळी बसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्या सुंदररावांची मेंढरं घेऊन माळावर गेले आणि नुसतं “सर सर” म्हणाले, तर पुढं गेलेला अख्खा कळप थांबला आणि मान वळवून बघत उभा राहिला. वर्षभर तात्यांनी घसा फोडला तरी जी मेंढरं ऐकत नव्हती, ती परत आली. तात्यांच्या जवळ येऊन त्यांनी त्यांचे पाय हुंगले. मग पुन्हा मागं, रिकाम्या वाटेकडं बघायला लागली.

तात्यांना तेव्हाच कसंतरी झालं. पण मटण चावता येत होतं.

दिवेलागणीला अंगणात बसून त्यांनी नातीला हाक मारली, “सुकन्ये, सांच्याला साखर सरली का गं?”

आत भांडं वाजलं. सुंदररावांची बायको वच्छलाबाई वर्षभर चुलीपुढं गेली नव्हती. ती चहाचा कप घेऊन बाहेर आली. पदर कपाळापर्यंत ओढलेला, नजर खाली. कप तिनं तात्यांपुढं ठेवला नाही. खांबापाशी, जिथं सुंदरराव बसायचे, तिथं ठेवला आणि बाजूला उभी राहिली. पुढचं ऐकायला.

तात्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. कपावर साय धरली. कुणी तो उचलायलाही गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तात्या घरात शिरताना कवळी काढून खिशात घालायला लागले, आणि इकडं गल्ली वावडी तोंडात घ्यायला लागली. सुंदरराव परत आलेत. धाकट्याच्या तोंडात बसलेत. बाईनं बसवलेत. नेकनूरचा बाक बुधवारी रिकामा पडला. आधी म्हाताऱ्या बंद झाल्या, मग पोरं आणणाऱ्या आया. एकदा तर एक माणूस दाढ ठणकत असताना दारापर्यंत आला, मॅडमची पिशवी पाहिली आणि गाल धरून परत गेला.

परमेश्वर सर घाबरले की फार गोड बोलतात. “म्हणजे कसंय मॅडम, माझा अजिबात विश्वास नाही. अजिबात! पण पब्लिक कसंय ना मॅडम… या महिन्यात फरक पडला तर बघू. नाहीतर, म्हणजे कसंय, बुधवारी मी रूट कॅनाल ठेवतो.”

नेकनूर गेलं की घाटनांदूरला कळणार, मग बीडला. मॅडम बाहेर आल्या, शेजारच्या गाळ्याच्या बंद शटरवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आतून काहीतरी सळसळलं. उंदीर असेल, त्या स्वतःला म्हणाल्या. एसटीत कंडक्टर ओरडला, “सरका, पुढं सरका!” आणि त्या ‘स’ला त्यांच्या अंगावर काटा आला. आता जिथंतिथं शीळ ऐकू येत होती. वॉशरमधून गळणाऱ्या नळात, कुकरमध्ये, बीडच्या खुर्चीवर बसलेल्या मास्तरांच्या तोंडात. कुणाच्या आवाजात कोण बसलंय, असं वाटायचं. पुण्याच्या कंपनीला हो म्हणायचा मेसेज त्यांनी लिहून ठेवला. पाठवला नाही.

पुढच्या बुधवारी तात्याच आले. कवळी खिशात, तोंड बोळकं.

“म्याडम, शीळ काडा.”

“मामा, ही कवळी कुणाची?”

“थोरल्याची.” ‘थ’ हवेतच गेला. “त्याची चप्पल घातली, घोंगडी पांघरली, कुनी काय म्हनलं न्हाई. दातालाच काय झालं?”

मॅडमना राग यायला हवा होता. आला नाही. तो आवाज भावाच्या तोंडात आपणच घट्ट बसवला, एवढंच डोक्यात राहिलं. त्या म्हणाल्या, “शीळ काढत नाही. तुम्हाला तुमची नवी करून देते.”

मापं झाली. पुढच्या खेपेला मेणात मांडलेले दात तयार होते. मेणात दात सरकवता येतात, म्हणून आवाज तेव्हाच बघायचा. त्या दिवशी तात्यांबरोबर सुकन्या आली, आणि सुकन्येचा हात धरून वच्छलाबाई.

“साठ ते सत्तर म्हणा, मामा.”

मॅडमनी दोन दात नखाएवढे मागं सारले. पुन्हा आकडे. तिसऱ्या वेळी सहासष्ट स्वच्छ निघालं. जाड, जरा खरखरीत, कधी कुणी नीट ऐकलाच नव्हता असा आवाज. तात्या स्वतःच गाल चाचपत बसले.

कोपऱ्यातून वच्छलाबाई म्हणाली, “डाक्टरीनबाई, ती शीळ ऱ्हाऊ द्या की.”

मॅडमनी तिच्याकडं मान वळवली.

“मला भ्या न्हाई वाटलं. लोक म्हनत्यात, म्हातारीला झटका बसला. मला ठावं हाय कोन बोलतंय ते. पर कानाला बरं वाटायचं.”

तात्या खुर्चीवरून उठले. गळ्यातलं कापड तसंच. “वैनी, मी जिता हाय. साठ वर्सं थोरला बोलला, मी ऐकलं. आता तरी मला बोलू द्या!”

वच्छलाबाईनं मान खाली घातली. मॅडमनी मेणाचे दात हातात घेतले. दोन दात पुढं ओढले असते तर शीळ परत आली असती. बाक भरायला त्यांना तात्या खूश हवे होते, आणि ही म्हातारीही खरं तेच बोलत होती. त्यांनी दात ओढले नाहीत. जुनी कवळी पाण्याच्या वाटीतून काढून धुतली.

“मामा, एकदाच घाला. मावशींना ऐकू द्या. मग ही त्यांची.”

तात्यांनी कवळी हातात पालथी करून बघितली. मग घातली.

“काय बोलू, वैनी?”

‘स’ नव्हता त्यात. वच्छलाबाई वाट बघत राहिली.

तात्या खांबाकडं बघावं तसे भिंतीकडं वळले. “साखर सरली का गं?”

शीळ वाजली. परमेश्वर सर पडद्याआड होते, ते तिथंच भिंतीला टेकले. वच्छलाबाईनं पदर कपाळावर ओढला आणि नव्या नवरीच्या हळू आवाजात म्हणाली, “आनते.”

मग तळहात पुढं केला. तात्यांनी कवळी काढून त्यावर ठेवली. तिनं ती पदराच्या टोकात बांधली, गाठ दोनदा ओढली, आणि सरळ खुर्चीवर चढून बसली.

“आता माजं बगा. चार दात उरल्यात, त्ये बी हलत्यात.”

बाजाराच्या दिवशी स्टँडसमोर बायकांनी तिला घेरलं. वच्छलाबाईनं पदराची गाठ पुढं धरली. “माज्या मालकाचं दात हितं हायत. डाक्टरीनबाईच्या पिशवीत काय शोधता गं? दाढ दुखती तर जा की, गाल धरून माज्याकडं कावून येता?” पुढच्या बुधवारी बाकावर जागा नव्हती. परमेश्वर सर बाहेर येऊन सांगत होते, “म्हणजे कसंय, मी आधीपासून म्हणत होतो.”

मॅडमनी पुण्याला नकार कळवला, आणि गाळ्याच्या मालकाला फोन केला. शटर उघडलं तेव्हा आत खरंच उंदीर होते.

मी गावभर सगळ्यांच्या नकला करत फिरते. दिवाळीच्या आत मॅडम पुण्याला जाणार, अशी पैज मी त्यांच्याशीच लावली होती, स्टँडवर, बाक रिकामा असतानाच्या दिवसांत. हरले. मॅडमनी दंड ठरवला: एक अख्खा बुधवार नव्या गाळ्यातल्या बाकावर बसायचं आणि कुणाचीही नक्कल करायची नाही, फक्त आपल्या आवाजात बोलायचं. सकाळपासून तात्या येऊन गेले, परमेश्वर सर दोनदा येऊन गेले, म्हणजे कसंय म्हणून गेले. कुणाची नक्कल निसटू नये म्हणून मी ओठ घट्ट मिटून बसले. दुपारी शेजारच्या बाईनं मॅडमना आत जाऊन विचारलं, “ह्या पोरीची सगळीच बत्तीशी काढली व्हय हो?”